ज्यांचे चित्र, त्यांच्यासमोर

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ सालच्या अनुबोधपटात, मुंबईच्या रस्त्यावर जिचा संसार उघड्यावर पडला आहे अशी एक स्त्री, आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या कॅमेऱ्यावरच एकाएकी उलटते, आणि गरिबांची चित्रे काढून तुमचा नावलौकिक होईल, आमच्या पदरात त्यातून काय पडणार आहे, अशा आशयाचा जाब चित्रपट काढणाऱ्या मंडळींना सर्वांदेखत विचारते. हा प्रसंग गाळून टाकणे मुळीच अवघड नव्हते. प्रेक्षकाच्या मनात सहानुभूतीचा प्रवाह संथपणे वाहत असताना त्याच्या आड येणारा असा कठोर स्वर बहुतेक दिग्दर्शक संकलनाच्या वेळी कात्रीखाली घालतात. पटवर्धनांनी तो ठेवला, आणि त्या चित्रपटातील बड्या मंडळींची वक्तव्ये आज कोणाच्या स्मरणात असोत वा नसोत, त्या बाईचा प्रश्न मात्र चाळीस वर्षांनंतरही या व्यवसायाच्या दाराशी तसाच उभा आहे.

वंचित समाजावर चित्रपट काढणाऱ्याला त्या समाजाच्या दुःखावर अधिकार कोठून प्राप्त होतो, हा तो प्रश्न. तो अधिकार करुणेने प्राप्त होतो असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे; दिग्दर्शकाचे अंतःकरण द्रवले, त्याची नियत साफ आहे, एवढ्यावर आपण त्याला सनद देऊन टाकतो. माझी अशी ठाम धारणा आहे की, करुणा ही या कामातील प्रवेश-फी आहे, त्याहून अधिक काही नाही. खरा अधिकार मिळतो तो वर्षानुवर्षे दिलेल्या हजेरीने, आणि ज्यांची चित्रे घेतली त्यांच्याच समोर, त्यांच्याच अंगणात, ती उलगडून दाखवून त्यांच्या रागालोभाला तोंड देण्याच्या तयारीने. पारितोषिके आणि परदेशांतील महोत्सव ही त्यानंतरची गोष्ट.

या कलेचा इतिहास पाहिला तर सुरुवातीला अशी तयारी क्वचितच आढळते. १९३५ साली लंडनच्या स्टेपनी भागातील दमट, उंदीर-ढेकणांनी बुजबुजलेल्या घरांवर आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ नावाचा छोटा चित्रपट काढला. त्यात रहिवाशांनी आपली कैफियत स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत, सरळ कॅमेऱ्यासमोर मांडली. त्या काळाच्या मानाने ही घटना क्रांतिकारकच म्हटली पाहिजे, कारण तोवर गरिबाच्या वतीने निवेदकच बोलत असे. पण त्या चित्रपटाचा खर्च गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या संस्थेने उचलला होता, आणि जुनी घरे पाडून नव्या इमारती उभ्या राहिल्या म्हणजे त्यांत गॅसच्या शेगड्या बसणार होत्या, हेही त्या इतिहासाचेच अंग आहे. आपल्याकडे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि त्याचे वार्तापट व अनुबोधपट प्रत्येक चित्रपटगृहात मूळ चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे झाले. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’सारखे (१९६७) काही सन्माननीय अपवाद सोडले, तर त्यांतील आदिवासी नाचत असे, शेतकरी हसत असे, कालव्याला पाणी येत असे, आणि या सर्वांच्या वतीने एक भारदस्त आवाज शासनाचे आभार मानत असे. ज्यांची ती चित्रे होती त्यांनी ती पाहिली काय, आणि पाहून त्यांना काय वाटले, याची चौकशी करण्याची कोणत्याही कचेरीला गरज भासली नाही.

या पार्श्वभूमीवर ‘हमारा शहर’ पाहिला पाहिजे. १९८१च्या जुलै महिन्यात, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, ऐन पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडून तेथील माणसांना आपापल्या मुलखात रवाना करण्याचा हुकूम निघाला. ओल्गा टेलिस या पत्रकार महिलेच्या व पदपथावरील रहिवाशांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने १९८५च्या जुलैत जो निकाल दिला त्यात, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे हे थोर तत्त्व प्रस्थापित झाले. पण त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही मान्य केला, म्हणजे तत्त्व रहिवाशांच्या वाट्याला आले आणि जागा पालिकेच्या. पटवर्धनांनी या पाडापाडीच्या काळात सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रण केले. चारशे फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटे मावतात, आणि प्रत्येक रिळाला पैसे मोजावे लागतात. अशा स्थितीत समोरचा माणूस काय बोलेल याची वाट पाहत कॅमेरा चालू ठेवणे हा केवढा धोका होता, याची कल्पना आजच्या, खिशातल्या फोनवर तासन्‌तास चित्रण करणाऱ्या पिढीला येणे कठीण आहे. त्या बाईचा जाब त्या अकरा मिनिटांपैकी काही क्षणांत टिपला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्या जाबाला चित्रपटाबाहेर काही उत्तर मिळाले काय? काही अंशी मिळाले. १९८६ साली या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती जमीनदोस्त करण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांबरोबर पटवर्धन आणि अभिनेत्री शबाना आझमी उपोषणाला बसले. त्या लढ्याअंती रहिवाशांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. चित्रपट काढणाऱ्याने उपोषणालाही बसावे असा नियम कोणी करू शकणार नाही, करूही नये. परंतु चित्रण संपले म्हणजे संबंध संपला असे ज्याला वाटत नाही, त्याच्या चित्रपटातील माणसे पडद्यावर निराळी दिसतात. ती त्याच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहत असतात, आणि ही नजर अभिनयाने आणता येत नाही.

‘हमारा शहर’मध्ये एक शाहीर गातो. विलास घोगरे त्यांचे नाव. मुलुंडच्या झोपडीत राहणारे, डाव्या चळवळीच्या मंचांवरून कामगारांची आणि दलितांची कथा पहाडी आवाजात सांगणारे हे कलावंत पटवर्धनांच्या कॅमेऱ्यासमोर आले, गाऊन गेले, आणि पुढे बारा वर्षांनी त्यांच्या मृत्यूने त्याच दिग्दर्शकाला पुन्हा कॅमेरा हाती घ्यावयास लावले. ११ जुलै १९९७ रोजी पहाटे घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला कोणी पादत्राणांची माळ घातल्याचे उघडकीस आले. वस्तीतील लोक संतापाने पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले, आणि सकाळीच राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली. जखमी झालेले निराळेच. घोगरे तेथे जाऊन आले, ते दृश्य त्यांना सोसवले नाही, आणि १५ जुलै रोजी डोक्याला निळे फडके बांधून त्यांनी स्वतःच्या झोपडीत गळफास लावून घेतला.

त्या निळ्या फडक्याने पटवर्धनांना चौदा वर्षे सोडले नाही. ज्या माणसाचे आयुष्य लाल झेंड्याखाली गेले, आणि ज्याला अखेरच्या काळात त्याच्याच सांस्कृतिक संघटनेने दूर केले होते, त्याने मरताना निळा रंग का जवळ केला? वर्गाचा विचार करणाऱ्यांना जातीचा अपमान कळला नाही काय? ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तास वीस मिनिटांचा चित्रपट २०११ साली पुरा झाला तो या एका प्रश्नाचा माग काढत, आणि त्या शोधात तो शाहिरी जलशांपासून महापालिकेच्या कचरा-डेपोपर्यंत, खैरलांजीपासून पुण्याच्या कासेवाडीपर्यंत, निवडणुकीच्या व्यासपीठांपासून घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत हिंडून आला.

यातील एक भाग मला विशेष जवळून पाहावासा वाटतो. गोळीबाराच्या समर्थनार्थ पोलिसांची सबब अशी होती की जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता आणि तसे झाले असते तर अनर्थ ओढवला असता. चित्रपट या सबबीचा अक्षरशः पंचनामा करतो. टँकर कोठे उभे होते, बंदुका कोठून झाडल्या गेल्या, माणसे कोठे पडली, यांतील अंतरे तो महामार्गावर आणि वस्तीच्या गल्लीत जाऊन तपासतो. टँकर दूर होते आणि गोळ्या वस्तीच्या तोंडाशी लागल्या होत्या, हे पाहणाऱ्याला हळूहळू उमगत जाते. निवेदकाचा आवाज येथे चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. आहे ती फक्त जागेची मोजदाद आणि साक्षीदारांची जबानी. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली, आणि पुढे अपिलात त्याला जामीन मिळून तो बाहेर आला. ही सारी कागदपत्रे सरकारी दप्तरात आहेत. पण दप्तर उघडून कोण पाहतो? ते दप्तर रमाबाई नगरच्या माणसाला पाहता येईल अशा रूपात या चित्रपटाने ठेवले आहे, आणि त्यासाठीच तो चौदा वर्षे थांबला. कारण खटला चौदा वर्षांत जेथवर गेला तेथवर गेल्याखेरीज त्याची हकीकत पुरी झाली नसती.

त्याच चित्रपटात कचरा उपसणाऱ्या कामगारांचे काही प्रसंग आहेत. उघड्या हातांनी, हातमोजे नाहीत, बूट नाहीत अशा अवस्थेत माणसे शहराची घाण गाडीत भरतात. येथे कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर फार वेळ रेंगाळत नाही. तो हातांकडे पाहतो, कामाच्या पद्धतीकडे पाहतो, आणि दर्शकाला दया येण्यापूर्वी लाज वाटावी अशी व्यवस्था करतो. ‘कबीर कला मंच’ या सांस्कृतिक पथकाच्या गायिका शीतल साठे यांचा भाग याहून निराळ्या जातीचा आहे. मुलीच्या गाण्यात क्रांती आणि आईच्या घरात देव, असा तो संसार. त्या माउलीच्या बोलण्यातून श्रद्धा आणि मुलीविषयीचा अभिमान एकाच वेळी वाहू लागतो तेव्हा चळवळीच्या कोणत्याही पुस्तिकेत न सापडणारे सत्य हाती लागते. पुढे शीतल साठे यांना भूमिगत व्हावे लागले आणि २०१३च्या एप्रिलमध्ये त्या विधानभवनासमोर सत्याग्रह करून पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मंडळींत पटवर्धन होते.

चित्रपट पुरा झाल्यावर त्याचे प्रयोग मुंबईच्या चाळींत, वस्त्यांत, उघड्या मैदानांत झाले. खुद्द रमाबाई नगरातही झाले. साडेतीन तासांच्या आसपासचा चित्रपट, बसायला सतरंजी, समोर कापडी पडदा, आणि पाहणाऱ्यांत ती माणसे की ज्यांच्या घरातले कोणी त्या सकाळी गेले होते. अशा ठिकाणी दिग्दर्शकाची लबाडी लपत नाही. एखादे वाक्य संदर्भ तोडून वापरले असेल, एखाद्या पुढाऱ्याची बाजू झाकली असेल, एखादी गल्ली चुकीची दाखवली असेल, तर पुढच्या रांगेतला माणूस उठून सांगतो. आणि त्या चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे ती येथेच नोंदवतो: पुढाऱ्यांच्या फाटाफुटीचा आणि निवडणुकांच्या गलबल्याचा भाग त्यात इतका वाढला आहे की गोळीबारात ज्यांचे पती आणि पुत्र गेले त्या स्त्रियांच्या नंतरच्या आयुष्याला तेवढी जागा उरलेली नाही.

अशी बांधिलकी असूनही चित्रित झालेल्यांचे आणि चित्रित करणाऱ्यांचे मत भिन्न होऊ शकते, आणि त्या वेळी न्याय कोणाचा लावायचा? बुंदेलखंडातील ‘खबर लहरिया’ हे दलित व मागास समाजातील स्त्रियांनी २००२ साली सुरू केलेले पत्र. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी काही वर्षे चित्रण करून ‘रायटिंग विथ फायर’ हा देखणा आणि प्रामाणिक चित्रपट काढला. २०२२ साली तो ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोहोचला. समारंभ तोंडावर आलेला असताना त्या पत्रकार स्त्रियांनी जाहीर निवेदन काढून सांगितले की चित्रपट प्रभावी आहे, परंतु आमचे काम एका राजकीय पक्षाच्या बातमीदारीपुरतेच आहे अशी जी छाया त्यातून पडते ती यथार्थ नाही. अनेकांना हे निवेदन अवेळी आणि कृतघ्नपणाचे वाटले. मला ते अत्यंत उचित वाटते. ज्या स्त्रियांनी पंचवीस-तीस वर्षे कोणाच्या तरी शब्दांत स्वतःचे वर्णन ऐकून घेतले, आणि नंतर आपले स्वतःचे पत्र काढले, त्यांनी जगातील सर्वांत मोठ्या व्यासपीठाच्या पायरीवर दुरुस्ती सुचवली, तर ती त्यांच्या पत्रकारितेचीच परंपरा झाली. सर्व गावाला पुन्हा पुन्हा तोंड दाखवायचे असते ते त्यांना. आज सत्ताधारी पक्षावर केलेली टीका उद्याच्या बातमीची दारे बंद करते की काय, याचा हिशेब दिग्दर्शकाला करावा लागत नाही.

यावर एक मार्ग असा की कॅमेराच त्या माणसांच्या हाती द्यावा. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९८४ साली अमेरिकन निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांच्याकडून आपल्या सभासद स्त्रियांना व्हिडिओचे शिक्षण देवविले; त्यांत रस्त्यावर भाजी विकणाऱ्या होत्या, आणि कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तेलंगणातील झहीराबादजवळच्या पस्तापूर येथे ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ने दलित शेतमजूर स्त्रियांना असेच शिकवले. ज्यांनी शिकवले ते पी. व्ही. सतीश पूर्वी दूरदर्शनवर निर्माते होते. या स्त्रियांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःच्या अनुभवातून नावे दिली, ती ऐकून चित्रपटशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाने मान लववावी. वरून खाली पाहणारा कोन तो पाटलाचा, कारण ओट्यावर बसलेला पाटील तसाच पाहतो. खालून वर पाहणारा कोन तो वेठबिगाराचा, कारण वाकलेल्या माणसाला मालक तसाच दिसतो. आणि समपातळीवरचा कोन तो संघमचा, म्हणजे त्यांच्या स्त्रीमंडळाचा, जेथे सगळ्या जणी जमिनीवर एकसारख्या बसतात. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा या स्त्रियांनी वारंगळच्या शेतांत पेरणीपासून वेचणीपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन त्या पिकाची आणि शेतकऱ्यांच्या नुकसानीची हकीकत टिपली. कापूस लावणारा शेतकरी त्यांच्याशी जे बोलला ते शहरातून आलेल्या मोटारीतल्या पाहुण्याशी बोलला नसता, कारण समोर उभी असलेली बाई बियाण्याचा भाव आणि फवारणीचा खर्च त्याच्याइतकाच जाणत होती.

महाराष्ट्रात हा बदल अलीकडे दिसू लागला आहे. सांगली जिल्ह्यातून आलेल्या सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ साली भीमा कोरेगावच्या स्तंभावर, आणि पुढे ‘चैत्यभूमी’ हा ६ डिसेंबरच्या दादरच्या सोहळ्यावर, असे माहितीपट काढले. त्या दिवशी शिवाजी पार्कावर लाखोंची गर्दी लोटते. शहरातील वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे त्या गर्दीची दखल घेत आली ती वाहतुकीच्या अडचणी आणि रस्त्यावरचा कचरा एवढ्यापुरती. वाघमाऱ्यांचा कॅमेरा मात्र पुस्तकांच्या पथाऱ्यांपाशी थांबतो, भीमगीते गाणाऱ्यांपाशी थांबतो, कारण तेथे येणारा माणूस कशासाठी येतो हे त्यांना घरातून ठाऊक आहे. बाहेरून आलेल्या सहृदय दिग्दर्शकाला ही गर्दी शोकाची दिसते. आतल्या माणसाला ती वाचकांची दिसते. दोन्ही प्रकारच्या दृष्टी हव्यात, असे मला वाटते, आणि पटवर्धनांसारख्याच्या कामाला आतल्या माणसाचे काम आले म्हणून बाधा येत नाही. पण दुसऱ्या प्रकारचे काम करणाऱ्याला पैसा, उपकरणे आणि वितरण मिळणे आजही फार दुष्कर आहे.

आणि वितरणाची गोष्ट ही या सर्वांतील मूळ गाठ आहे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रयोगाला प्रमाणपत्र लागते. २००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांवरच ती अट लादली, तेव्हा दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ या नावाने प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात स्वतःचा निराळा महोत्सव भरवला. पटवर्धनांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनवर दाखवावा यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००६ साली निकाल दिग्दर्शकाच्या बाजूने लागला. हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांवर दिव्या भारती यांनी काढलेल्या ‘कक्कूस’ (२०१७) या तमिळ माहितीपटाच्या प्रयोगांना तमिळनाडूत पोलिसांनी ठिकठिकाणी मज्जाव केला, तेव्हा त्यांनी तो इंटरनेटवर सर्वांना खुला केला. म्हणजे चित्रपट काढण्यास जेवढी वर्षे लागतात जवळजवळ तेवढीच तो दाखवण्याच्या हक्कासाठी खर्ची पडतात, आणि ज्यांच्या घरासमोर तो काढला त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच तर सर्वांत शेवटी पोहोचतो.

हे बदलणे शासनाला मुळीच अशक्य नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या वस्त्यांत समाजमंदिरे उभी आहेत, सार्वजनिक ग्रंथालयांना दरसाल अनुदान मिळते, आणि एक प्रक्षेपक यंत्र व एक पांढरी भिंत यांहून अधिक सामग्री या चित्रपटांना लागत नाही. रमाबाई नगर, कासेवाडी, खैरलांजी यांविषयीचे चित्रपट जिल्हा ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणे नोंदवून ठेवावेत, मागेल त्या मंडळाला त्यांची प्रत द्यावी, प्रयोगाला पोलीस ठाण्याची परवानगी लागू नये, आणि प्रयोगानंतर जी चर्चा होईल तिचे टिपण दिग्दर्शकाकडे धाडावे, एवढी मागणी आहे. ती करण्यास चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनांपेक्षा वस्त्यांतील वाचनालयांची मंडळे अधिक योग्य आहेत, आणि त्यांनी ती येत्या अर्थसंकल्पापूर्वी लेखी करावी.